डबीची पाळी

धुळे आगारात आम्ही सहा कंडक्टरणी.
दर महिन्याला भिशी, पाचशे-पाचशे:
कधी कुकर, कधी कुणाच्या पोराची फी.
चैत्रात चंद्रकला बोरसे म्हणाली,
एकदा तरी बिनकामाचं काहीतरी घेऊ या.
म्हणून ही डबी.
पन्नास मिली, सहा हजार आठशे.
एकीकडे पाच रात्री, मग पुढचीकडे,
जुन्या वेबिलात गुंडाळून,
कॅश भरायच्या खिडकीपाशी.

आज माझी पाळी. हसू नका, डबीची.

झाकण जड. सोनगीरचं पितळ वाटलं,
निघालं प्लास्टिकच.
आत आधीच्या तिघींची बोटं:
यमुना बागुलचं खोल, विहीर खणल्यासारखं,
मीनलनं कडेकडेनं घेतलं, भाजी पुरवतात तसं,
सरला पावराचं मधोमध
एकच टिंब.

माझा चेहरा दोन रंगांचा.
स्कार्फ बांधते तिथे अजून लग्नातला रंग,
डोळ्यांची पट्टी आणि कपाळ
म्हणजे एकोणीस वर्षं शिरपूर फेरी.
दोंडाईच्याच्या मिरचीची पोती
याच चेहऱ्यासमोर चढली, उतरली.

सोबतच्या कागदावर मुंगीएवढ्या अक्षरात:
तुम्ही झोपलेल्या असताना त्वचा स्वतःची दुरुस्ती करते.
आमच्या वर्कशॉपात गाड्यांची होते तशी, रात्रपाळीला.
आठ तास द्या, म्हणतंय.
माझी पहिली गाडी पाच दहाची,
उठायचं पावणेचारला, आत्ता वाजले साडेअकरा.
सव्वाचार तासांत काय ते उरका, क्रीमबाई.

वाटाण्याएवढं घ्या.
ओला की वाळलेला, ते लिहिलेलं नाही.
वाळलेला धरला.
गार लागलं. वास म्हणाल तर
ज्या घरात कधी फोडणी पडलीच नाही
त्या घराला येत असेल तसा.
हनुवटीपासून वर न्यायचं म्हणे, वर.
माझं बोट सवयीनं खालीच येत होतं,
घाम निपटल्यासारखं.
मग गालावरून एक हात इतका सावकाश फिरला
की दचकलेच.
माझाच होता.

तेवढ्यात लाईट गेली. कूलर थांबला.
गादी उचलून गच्चीवर.
एरवी मी पालथी झोपते,
आज उताणी, उशीनं पुसून घेऊ नये म्हणून.
रात्रीला दोनशे सव्वीस रुपये पडतात,
मी आडवी राहून हिशेब केला.
एक डास कपाळाला चिकटला, तिथेच मेला.
एवढं महाग मरण
मोहाडीत कुणालाच आलं नसेल.
हसू आलं, पण चेहरा हलवला नाही.

पहाटे आरशात काही नाही.
म्हणजे मीच,
भरताआधी तेल चोपडलेल्या वांग्यासारखी.

नरडाण्याला एक म्हातारी चढली, काखेत गाठोडं.
अर्धं तिकीट हातात घेऊन बघतच राहिली:
"तोंड काय चमकी ऱ्हायनं व माय तुन्हं!
दिवस गयात का काय?"
सेहेचाळीस सरलंय मला.
"गेले ना आजी," म्हटलं, "लई गेले,"
आणि दोनदा घंटी मारली.
गाडी हसली. ड्रायव्हर भामरेसुद्धा,
जो एरवी फक्त गिअर बदलतो.

तापीच्या पुलावर वारं आलं.
स्कार्फ हातात घेतला,
पण पुलापुरता नाही बांधला.

डबीबरोबर एक वहीही फिरते.
यमुना: उशी मऊ झाली.
मीनल: ह्यांनी कपाळाला हात लावून ताप पाहिला.
सरला: पोरीला लावलं.
माझ्या नावापुढे कोरं आहे.
अजून चार रात्री आहेत म्हणा.
शिरपूर स्टँडवर चहा येईपर्यंत
तारीख तेवढी टाकली,
आणि पेन हातात होतंच, तर खाली लिहून गेले:
फेरी पहिली. प्रवासी एकोणचाळीस.